नंबर नसलेले रंग

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. आईवडिलांनी वाढवलं, तालुक्याच्या शाळेतल्या गुरुजींनी अक्षर वळणावर आणलं, पण मला माझ्या पायांवर उभं केलं ते पुण्यात पेठेतल्या एका गल्लीत कपडे रंगवणाऱ्या या बाईने. गल्लीत तिला सगळे रंगारीणबाई म्हणत. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. ते तिच्यामुळे झालो, आणि झाल्यावर तिच्याच भट्टीशेजारी जाऊन बसलो.

"बीएस्सी होऊन रंगारी?" हा प्रश्न मला लग्नात, बँकेत, अगदी दाढदुखीसाठी तोंड उघडून बसलेलो असतानाही विचारला गेला आहे. अलीकडे त्याची दुसरी तऱ्हा निघाली आहे. एखादा कॅमेरावाला येतो, तपेल्यांचे फोटो काढतो आणि हळू आवाजात म्हणतो, "शेवटची पिढी ना?" पहिल्या प्रश्नात हेटाळणी असते आणि दुसऱ्यात कीव. मला दोन्ही नकोत. आमचं दुकान उघडं आहे. ते का उघडं राहिलं, तेवढं सांगतो.

बारावीनंतर मी एसटीने स्वारगेटला उतरलो तेव्हा आत्या मला न्यायला आली होती. तिचे हात कोपरापर्यंत जांभळे होते. रिक्षावाल्याने विचारलं, "काय हो मावशी, काय झालं हाताला?" ती म्हणाली, "मीटर टाका. हात माझे आहेत."

आमचं काम असं. लक्ष्मी रस्त्यावर बाई साडी घेते. मग तिला त्याच रंगाचं अस्तर, फॉल, परकर, कधी ब्लाऊजपीस लागतं. ते मॅचिंग सेंटरमध्ये मिळतं, पण नेमकी तीच छटा मिळेलच असं नाही. मिळाली नाही की ती साडीचा पदर घेऊन आमच्या काउंटरवर येते आणि आम्ही पांढरं कापड तिच्या रंगाचं करून देतो. एवढंच. मोठी कला वगैरे नाही. पण साडीशेजारी अस्तर धरल्यावर दोन्ही एकच दिसली पाहिजेत, आणि ती दिसत नसतील तर पुण्याची बाई काय बोलते ते ऐकलेल्यालाच कळेल.

आत्याच्या दुकानात एक पद्धत होती. मोरपंखी, अंजिरी, डाळिंबी ही नावं सगळ्यांचीच. पण या ठरलेल्या नावांत न बसणारा रंग कुणी आणला की त्याला त्या गिऱ्हाइकाचं नाव मिळे. नाव म्हणजे खरं नाव नव्हे, त्या बाईची ओळख. 'दातांच्या डॉक्टरीणबाईंचा हिरवा', 'बँकेतल्या बाईंचा राखाडी', 'दोन सुनांचं भांडण झालं तो पिवळा'. आत्या भट्टीवरून दोघा कामगारांना ओरडून सांगे, "अरे, अस्तर भांडणाच्या पिवळ्यात घाला!" आणि समोर उभं असलेलं नवं गिऱ्हाईक दचके.

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी परत जायची तयारी केली होती. शिकवत इंग्रजीत, मुलं हसत इंग्रजीत, आणि मला रसायनशास्त्र येत असूनही प्रश्नच कळत नसे. पिशवी भरली तेव्हा आत्याने काही समजावलं नाही. रंगाच्या डब्यातून निघणारं माहितीपत्रक तिने माझ्यापुढे टाकलं. छापील, इंग्रजी, बारीक अक्षर.

"वाच."

"आत्या, मला नीट नाही येत."

"मग काय झालं? चुकीचं वाचलंस तरी मला कुठे कळणार आहे? मी सातवी."

रोज संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की मी काउंटरवर उभा राहून ती पत्रकं मोठ्याने वाचत असे. मीठ किती, उष्णता किती, कापड किती वेळ फिरवायचं. ती परकर पिळत ऐके आणि मध्येच म्हणे, "हां, पुढे?" माझ्या उच्चारांना न हसणारं ते पुण्यातलं पहिलं माणूस. त्याच पत्रकांच्या इंग्रजीवर मी बीएस्सी पार पाडली. माझ्या पदवीवर विद्यापीठाची मोहर आहे. पण त्या पत्रकांवर तिच्या ओल्या बोटांचे ठसे होते, आणि माझा जास्त विश्वास त्यांच्यावर आहे.

मी पदवीला पोहोचेपर्यंत शहर बदललं होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. मीही संध्याकाळचा एक क्लास केला. आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, कॉम्प्युटर कंपनीत लागला आणि त्याने कर्वेनगरला फ्लॅट घेतला. त्याच सुमाराला बाहेरच्या गिरण्यांतून तयार मॅचिंगचे गठ्ठेच्या गठ्ठे येऊ लागले. रंग भरपूर आणि माल लगेच हातात. आमच्या काउंटरवरची गर्दी कमी झाली. आत्या दुपारी दारात बसून रस्ता बघे. एवढा वेळ तिच्याकडे मी कधी पाहिला नव्हता.

आतेभावाने माझ्यासाठी त्याच्या कंपनीत शब्द टाकला. मुलाखत झाली, पत्र आलं. त्याच महिन्यात शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या गिरणीची प्रयोगशाळा विकायला निघाल्याचं मला कळलं. प्रशिक्षणासाठी मी तिथे काही दिवस काढले होते. तिथे रंग मोजायचं यंत्र होतं, फार थोडं वजन दाखवणारा काटा होता आणि नमुने रंगवायचं एक मशीन होतं. त्यात स्टीलचे झाकणाचे डबे गोल फिरतात आणि प्रत्येक डब्यात वेगळा रंग शिजतो. गिरणी त्यात हातभर कापड रंगवून बघे आणि पसंत पडलं की खाली हजारो मीटर काढी. ते डबे बघताना माझ्या मनात आलं की यात एक ब्लाऊजपीस बसतं. गिरणीचा जो नमुना, ती आमची अख्खी ऑर्डर!

आत्याला घेऊन गेलो. तिने डबा उघडला, आत हात घातला, हुंगला.

"कुकरच आहे की. घेऊ या."

यंत्र आलं आणि कॉम्प्युटर पाठोपाठ आला. कंपनीचं पत्र मी परत केलं. वडील यंत्रमागावर होते, त्यांना गावच्या दुकानात फोन करून कळवलं. त्यांनी एकच विचारलं, "बसायला खुर्ची हाय ना?" मी म्हटलं, आहे. खुर्ची खरंच होती.

प्रत्येक छटेची कृती मी कॉम्प्युटरमध्ये घालू लागलो. नंबर द्यावेत असा माझा विचार होता. आत्या म्हणाली, "नावं घाल. नंबराने मी कुणाला हाक मारू?" मग भांडणाचा पिवळाही त्यात गेला.

त्याच वर्षी लक्ष्मी रस्त्यावर मजल्यांचं, काचेचं एक मोठं साड्यांचं दुकान उघडलं. त्याचे शेठ एका बुधवारी संध्याकाळी स्वतः आले, यंत्राभोवती फिरले आणि म्हणाले, "बाई, माझ्या दुकानाचं सगळं मॅचिंग तुम्हाला देतो. पण आधी एक गठ्ठा बघू. अबोली, मोतिया, फिकट पिस्ता. शुक्रवारी सकाळी हवा."

म्हणजे रंगवायचं गुरुवारी. आणि आमच्याकडे गुरुवारी उजळ रंग कधीच करत नसत. फक्त काळा, कॉफी, गडद निळा. हा आत्याच्या सासूबाईंचा नियम. गुरुवार दत्ताचा, त्या दिवशी भट्टीवर उजळ रंग चढवायचा नाही, असा त्यांचा शब्द होता आणि आत्याने तो कधी मोडला नव्हता. सासूबाईंची तसबीर भट्टीच्या वर टांगलेली असे. आत्याने तिच्यापुढे हात जोडले. "आजच्या दिवस माफ करा. दुकानाचा प्रश्न आहे."

कृती ठरलेली, वजन काट्यावर केलेलं, उष्णता बरोबर. तरी शुक्रवारी गठ्ठा उघडला तेव्हा अबोलीवर धूळ बसल्यासारखी दिसत होती. शेठांनी तागा दारात नेला, उजेडात धरला.

"बाई, ही अबोली आहे की अबोलीचं तेरावं?"

त्यांचे नोकर हसले. आत्या हसली नाही. शेठ गेल्यावर ती तसबिरीखाली बसली आणि म्हणाली, "शब्द मोडला. भोगा आता." माझा देवावर राग नव्हता, पण अबोलीच्या एवढ्याशा अपराधासाठी दत्तगुरू आमच्या गल्लीत येतील असं मला वाटेना. मंगळवारी त्याच कृतीने काढलेली पट्टी माझ्याकडे होती. ती आणि गठ्ठ्यातली एक, दोन्ही पट्ट्या रंग मोजायच्या यंत्राखाली धरल्या. फरक होता, आणि मोतिया-पिस्त्यातही तशाच प्रकारचा होता. सगळेच रंग सारखे मळले होते. रंग तोच, कापड तेच, मीठ तेच, मग राहिलं काय?

"आत्या, गुरुवारी आपण पाणी कुठलं घेतो?"

"मागच्या आडाचं. गुरुवारी नळ कुठे असतो? कॉर्पोरेशनचं पाणी बंद."

आडाच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या जड पाण्यात उजळ रंग मरतो. काळ्याला फरक पडत नाही. आत्याने तसबिरीकडे मान वर केली आणि तिला असं हसू फुटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"म्हणजे सासूबाईंनी पाण्याला दत्त केलं होतं!"

"पण सरळ का नाही सांगितलं?"

"सरळ सांगितलेलं या घरात कुणी ऐकलं असतं? त्यांचा मुलगा तर नाहीच. देवाचं नाव घेतलं, म्हणून इतकी वर्षं पाळलं गेलं."

आम्ही गच्चीवर टाकी बसवली आणि बुधवारीच नळाच्या पाण्याने भरू लागलो. माझ्या प्रोग्रॅममध्ये रंग, मीठ, उष्णता यांच्या शेजारी पाण्याचा एक रकाना आला. काळा मात्र गुरुवारीच राहिला. आत्या म्हणाली, "आडाचं पाणी फुकट का घालवायचं? आणि दत्तालाही वाईट वाटायला नको."

शेठांचा गठ्ठा आम्ही पुन्हा काढला आणि सांगितलेला नसताना नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी शेठ परत आले. या वेळी खुर्ची ओढून बसले.

"झकास. आता ऐका. उद्यापासून फक्त आमचं काम. आमच्या कार्डावर जेवढे रंग, तेवढेच करायचे. प्रत्येकाला नंबर. समोरचं शटर खाली, माल मागच्या दाराने. फुटकळ गिऱ्हाईक बंद. वर्षभर भट्टी विझणार नाही, बाई."

भट्टी विझणार नाही हे त्यांनी खरं सांगितलं होतं. आमची तेव्हा अर्धा दिवस गार असे. माझ्या तोंडावर 'हो' आलेलं आत्याने पाहिलं असावं, कारण तिने मला चहा टाकायला सांगितलं. मी आत गेलो, पण कान बाहेर होता.

"आणि ज्याला तुमच्याकडे नंबर नाही, तो रंग?" आत्याने विचारलं.

"त्या बाईला जवळचा नंबर देऊ."

"जवळचा म्हणजे?"

"अहो, उन्नीस-बीस. कोण बघतंय?"

"शेठ, गेल्या वर्षी तुमच्या मुलीचं लग्न झालं. जावई बघताना उन्नीस-बीस चाललं होतं का?"

शेठ मोठ्याने हसले. मग म्हणाले, "बाई, धंदा असा होत नाही."

"होतो की नाही ते मी बघते. तुम्ही चहा घ्या. साखर कमी हवी ना?"

त्या संध्याकाळी आतेभाऊ कर्वेनगरहून स्कूटरवर आला, हेल्मेट न काढताच बोलू लागला. "आई, तू काय नाकारलंस कळतंय का तुला? मशीन घेतलीत ती कशासाठी? मशीन मोठ्या कामासाठी असते!"

"कुणी सांगितलं?"

"जगात सगळीकडे तसंच असतं."

"तुझ्या कंपनीत तुला नंबर आहे?"

"एम्प्लॉयी नंबर सगळ्यांनाच असतो."

"मग तू तुझा सांभाळ. माझ्या रंगांना नावं आहेत. जेवून जाणार आहेस का?"

तो जेवून गेला. मी मात्र त्याचं वाक्य रात्रभर घोळवलं आणि सकाळी उठलो तो हट्टाला पेटून. मशीन मोठ्या कामासाठी असते, हे कुणी ठरवलं? पूर्वी एका ब्लाऊजपीससाठी भट्टी पेटवणं परवडत नसे, म्हणून आत्या अस्तरं साठवून ठेवी आणि गिऱ्हाइकाला आठवडाभर थांबवी. आता आठ बायकांचे आठ रंग एकाच वेळी डब्यांत फिरत होते, आणि जुनं गिऱ्हाईक परत आलं तर त्याचा रंग नावानिशी कॉम्प्युटरमध्ये सापडत होता. यंत्र गिरण्यांनी नमुन्यापुरतं वापरलं, शेठांना ते गठ्ठ्यासाठी हवं होतं. आम्ही ते दीड मीटरसाठी लावलं. सकाळी कापड द्या, संध्याकाळी न्या.

लगेच काही झालं नाही. पहिला हंगाम कोरडाच गेला. पण बायका बोलतात, आणि पुण्यात एका बाईला रंग जमला की सोसायटीभर कळतं. पुढच्या हंगामात मॅचिंग सेंटरवाले स्वतः गिऱ्हाइकं पाठवू लागले, कारण 'आमच्याकडे नाही' म्हणण्यापेक्षा 'तिकडे जा' म्हणणं बरं. एकदा शेठांच्या दुकानातल्या विक्रेतीनेच एका बाईला आमच्या गल्लीचा रस्ता सांगितला. आत्याने त्या रंगाला नाव दिलं, 'काचेच्या दुकानातून आलेला निळा'.

गिऱ्हाईकही बदललं. वाघोलीहून एक आयटीतली मुलगी आली, हातात नुसता मोबाईल. "काकू, हाच शेड एक्झॅक्ट पाहिजे." आत्याने फोन हातात घेतला, तिरका केला, सरळ केला.

"हा रंग तुझ्या फोनचा आहे, बाळ. साडीचा नाही. साडी आण."

"वाघोलीहून परत? ट्रॅफिक बघितलाय का, काकू?"

"मग फोनच नेस."

ती चिडून गेली आणि रविवारी साडी घेऊन आली. आता तिच्या ऑफिसातल्या मुलींचा एक कप्पाच आमच्याकडे आहे.

श्रीमंत झालो नाही. पण भट्टीवरचे दोन्ही कामगार टिकले, तिसरा आला, गल्लीतली इतर दुकानं मोबाईलची झाली तरी आमचं शटर रोज वर गेलं. वडील एकदा येऊन खुर्चीत बसून गेले.

मग आत्याचे गुडघे गेले. आतेभावाची बदली बंगळूरला झाली होती. तो तिला घेऊन गेला. जाण्याआधीच शेठांचा मुलगा नवा प्रस्ताव घेऊन आला होता. त्यांना आता आमचा सगळा रंगांचा साठा, कृती आणि यंत्रं हवी होती, आणि मला एसी केबिन, 'कलर मॅनेजर' अशी पाटी. आतेभाऊ म्हणाला, आता आई दुकानात नाही, तूही मोकळा हो. आत्याने स्टेशनवर माझा हात धरला.

"मी काही सांगणार नाही. तू ठरव आणि कागदावर लिहून कळव. फोन करू नकोस. फोनवर तू माझा आवाज ऐकून ठरवशील."

आठवडा गेला. मग शेठांच्या मुलाला भेटून आलो आणि त्याच रात्री काउंटरवर बसून हे लिहिलं.

*

आत्या,

पाया पडायला तू इथे नाहीस, म्हणून कागदावरूनच नमस्कार.

दुकान दिलं नाही. शेठांच्या मुलाला सांगितलं की नावं विकायची नाहीत आणि शटर खाली जाणार नाही. तो म्हणाला, "विचार करा, काका." मला काका म्हणाला! तेवढं मात्र मनाला लागलं.

तो म्हणाला, लोकांना आता एवढा बारीक फरक कळत नाही. मी म्हटलं, कळत नसेल तर आम्ही आपोआप बंद पडू, तुम्ही कशाला त्रास घेता? हे तुझ्यासारखं झालं का बघ.

दादाला सांग, मी रागावलेलो नाही. त्याने मला नोकरी बघून दिली होती हे मी विसरलेलो नाही. पण मला इंग्रजी ज्या काउंटरवर आलं, ते मी बंद करणार नाही. बीएस्सी होऊन रंगारी झालो का, असं कुणी विचारलं तर आता सांगतो, हो, त्यासाठीच झालो.

टाकी बुधवारी भरतो. गुरुवारी काळाच. सासूबाईंच्या तसबिरीची काच पुसली. मधल्या तपेल्याला कल्हई करून घेतली.

आता खरी बातमी. मी शेठांकडून परत आलो तर काउंटरवर एक बाई उभी. हातात साडी, कांद्याच्या सालीचा गुलाबी असतो ना, त्याच्याही आतल्या पापुद्र्याचा. म्हणाली, दुकानातल्या कार्डावर हा नाही, जवळचा देत होते, मला नको. कुठल्या दुकानात म्हणून विचारलं तर ओशाळून हसली. शेठांची धाकटी सून! घरी सांगू नका म्हणाली. मी घरी सांगणार नाही, पण रंगाला नाव दिलं आहे. काय दिलं ते तुला सांगायला नको.

पहिल्या वेळी किंचित तपकिरीकडे गेला, दुसऱ्यांदा काढला. तुकडा सोबत टाचला आहे. ट्यूबखाली बघू नकोस. गॅलरीत नेऊन उन्हात धर, आणि जमला का तेवढंच कळव. बाकीचं मी ठरवलं आहे.